एक ठोका जड, एक हलका

असल्या गोष्टी मी कधी खऱ्या मानल्या नाहीत. माहेरी कुणाच्या अंगात आलं की सगळ्या बायका बघायला धावायच्या आणि मी मात्र उठून चुलीपाशी जायचे. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण चार माणसांत तोंडाने सांगणं मला या जन्मी जमायचं नाही, आणि मनात ठेवूनही आता बरीच वर्षं झाली.

आम्ही चंदीगडला होतो तेव्हाची गोष्ट. ह्यांची केंद्र सरकारची नोकरी, बदली होऊन गेलेलो. सेक्टर त्रेचाळीसचा बस अड्डा घरापासून चालत जाण्यासारखा. पहिल्या मजल्यावरचं क्वार्टर, पुढे बाल्कनी, थंडीत दुपारभर तिथे ऊन. घरात हे, मुलगा समीर, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायचे.

समीरला मराठीत काही विचारलं की तो हिंदीत उत्तर द्यायचा. हे ऑफिसातून दमून यायचे. मला हिंदी समजायचं, पण बोलायची वेळ आली की शब्दच सुचायचे नाहीत. दिवसभर बोलायला काय त्या आत्याच.

आणि त्याच आत्या विसरायला लागल्या होत्या. दुपार कलली की पिशवीत लुगडं भरायच्या आणि दाराची कडी काढायच्या. "चल गं, घरी जायचंय." हेच आपलं घर, असं म्हटलं की चिडायच्या. एकदा मी आंघोळीला गेले तेवढ्यात निघून गेल्या. शोधत शोधत बस अड्ड्यावर पोचले, तर एका सरदारजी कंडक्टरने त्यांना बाकावर बसवून चहा दिलेला.

"बीजी इचलकरंजी दी बस पुछदे ने," आत्यांकडे बोट दाखवत तो हसत म्हणाला. "मैं केहा, अंबाले तक छड्ड देवां?" अंबाल्यापर्यंत सोडू का, असं त्यांना विचारून झालं होतं त्याचं.

आत्या माझ्यावरच भडकल्या. "एवढी गाड्यांची रांग, आणि आपल्या गावाची एक नाही! कसलं मेलं शहर हे!"

त्या संध्याकाळी ह्यांनी गावी धाकट्या दिरांना फोन लावला. ते येऊन आईला घेऊन जाणार असं ठरलं.

"तिथं तरी काय होणार? दाराला कुलूप लावूनच ठेवतील," मी म्हटलं.

"मग तू सांग, काय करू?"

मी कणीक मळायला घेतली. त्या गेल्या तर या घरात मी बोलू कुणाशी... हे नवऱ्याला कसं सांगायचं?

डॉक्टर म्हणाले होते, दुपारी शांत संगीत लावून बघा. म्हणून ह्यांनी काट्याचा एक छोटा रेडिओ आणला. शहरात नवी एफएम स्टेशनं नुकतीच आली होती. पण शांत काही लागेल तर शपथ! काटा जिथे न्यावा तिथे ढोल, नाहीतर कुणीतरी एका दमात बडबडतंय, नाहीतर गादीची जाहिरात. आत्या कानांवर हात ठेवायच्या. "बंद कर गं! कुणाची वरात चाललीय दारात?"

अशाच एका दुपारी त्या कडीपाशी उभ्या, पिशवी हातात, आणि मी घाईघाईने काटा फिरवतेय. अगदी टोकाला, जिथे नुसती खरखर असते तिथे, एक वाद्य लागलं. बासरी म्हणावी तर तशी नाही, पेटी तर नाहीच. फार संथ. मधे बोलणारा कुणी नाही. आणि त्या सुरांच्या खाली एक ठेका — एक ठोका जड, एक हलका... एक जड, एक हलका. मला वाटलं सेल उतरलेत. दुसरे घातले. तरी तसंच.

वळून बघते तर आत्या कडी सोडून खाली बसलेल्या. पिशवी बाजूला. उजवा हात हवेत गोल फिरतोय, डाव्या चिमटीत नसलेला धागा धरलेला.

"सूत दे गं," त्या म्हणाल्या. "कांड्या संपल्या तर ह्यांचा माग थांबेल." ह्यांचा म्हणजे मामंजींचा; ते गावी हातमाग चालवायचे आणि आत्या त्यांना सूत गुंडाळून कांड्या भरून द्यायच्या, एवढं मी ऐकून होते.

घरात सूत कुठलं? शेजारच्या परमिंदर भाभी बाल्कनीत स्वेटर विणत बसल्या होत्या. मी कशीबशी त्यांच्याकडून लोकरीची एक लच्छी, म्हणजे सुटी लड, मागून आणली. तिचा गोळा करायचा असतो; आत्यांनी समीरच्या पेन्सिली घेतल्या आणि मागाच्या कांड्या भराव्यात तशी लोकर त्यांच्यावर गुंडाळून दिली. भाभी पोट धरून हसल्या. "ओ जी, बीजी ने तो सारी पेन्सिलें ही पहना दीं!" आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन बायकांच्या लच्छ्या घेऊन आल्या.

रोज दुपारी ते लागायचं. आत्या कडीकडे बघेनाशा झाल्या.

समीर म्हणाला, "मम्मी, लाहोर का स्टेशन होगा." पण त्याच्या रेडिओवर त्याच जागी नुसती खरखर. भाभींच्या घरीही तेच.

सुट्टीच्या दिवशी हे घरी होते. मी रेडिओ लावला आणि हे चप्पल घालता घालता तसेच थांबले. एक पाय चपलेत, एक बाहेर.

"दादांबद्दल आई तुला काही बोलली का?"

"नाही. का?" दादा म्हणजे मामंजी, माझ्या लग्नाआधीच वारलेले. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलेलं, तेही बसलेले.

"त्यांचा डावा पाय आखूड होता," हे हळू आवाजात म्हणाले. "मागावर बसून खालच्या पट्ट्या दाबायला लागले की उजव्या पायाचा ठोका जड पडायचा, डाव्याचा हलका. गल्लीत सगळ्यांच्या घरी माग... पण मी शाळेतून येताना कोपऱ्यावरूनच ओळखायचो, दादा बसलेत."

आत्यांनी मान वर केली नाही. "मग तेच तर बसलेत," म्हणाल्या. "तू मधे मधे बोलू नको."

हे बाहेर गेले आणि गावी फोन करून आले. मला एवढंच म्हणाले, "आई राहू दे इथंच."

त्यानंतर तीन हिवाळे आत्या आमच्याकडे राहिल्या. माझ्याशी गावचं बोलत, कांड्या भरत, मजेत. मग एका दुपारी ते संगीत चालता चालता थांबलं. आत्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "उतरलं बाई लुगडं मागावरून," म्हणाल्या आणि चहा मागितला. बशीत ओतून सगळा प्यायल्या, उन्हात आडव्या झाल्या. मी उठवायला गेले तेव्हा त्या राहिल्या नव्हत्या. चेहरा अगदी काम संपवून बसलेल्या बाईचा.

काट्याच्या त्या टोकाला पुन्हा कधी काही लागलं नाही. मी पुष्कळ शोधलं. लाहोर असेल तर तीन वर्षं रोज दुपारी आमच्याच घरात का यावं, आणि त्याच दिवशी का थांबावं? मला माहीत नाही. ह्यांनाही नाही.

बायका मात्र लच्छ्या घेऊन येतच राहिल्या, बीजींच्या सुनेकडे. मी गोळे करायचे, त्या बोलायच्या, हळूहळू मीही बोलायला लागले. एकदा परमिंदर भाभी माझ्या हातांकडे बघत म्हणाल्या, "तेरा हाथ भी अजीब चलता है. एक बार ज़ोर से, एक बार हल्के से. किसने सिखाया?"

रेडिओ बंद होता. मी माझ्या हातांकडे बघितलं. मग हसले आणि पुढची लच्छी मागितली.