दसऱ्याच्या सकाळची भट्टी

मला माणसात आणले ते आमच्या सुंदरावहिनीने. थोरल्या भावाची बायको. तिला स्वतःला अक्षर येत नव्हते, पण निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत दिवसभर राबून तिने दिराला पदवीपर्यंत नेले. आमच्या घरात त्याआधी कोणी मॅट्रिकसुद्धा झाले नव्हते. पुढे आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि मी फौजदार म्हणून बंगळूरला आलो. नोकरीतली पुष्कळ प्रकरणे आता विसरलो. हे एक मात्र विसरता येत नाही.

साठीच्या दशकातली गोष्ट. दसऱ्याच्या सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना एक दूधवाला सायकल टाकून धावत आला. "साहेब, येलहंक्याच्या वाटेवर बाँब फुटला!"

बाँब नव्हता. पत्र्याची एक शेड उडाली होती आणि तिचा मालक जागीच गेला होता. पिढ्यानपिढ्या बंगळुरात राहिलेले हे मराठी कुटुंब. शेडच्या पुढच्या भागात सेल्युलॉइडचे कंगवे बनत. मागे भट्टी होती. विमानांच्या खिडक्यांना जे काचेसारखे प्लास्टिक लागते, त्याचे भंगार तुकडे गोण्यांनी आणून ते लोखंडी पिंपात बंद करून तापवीत. त्याची वाफ पाण्यातल्या नळीतून थंड होऊन उग्र वासाचा पातळ रस गळे. तो दोन काचांमध्ये ओतून आटवला, की पुन्हा नवा, स्वच्छ पत्रा तयार. टाकाऊ मालाचे असे मूळ द्रव्य करणारे तेव्हा थोडेच होते. ते पिंपच फुटले होते.

पंचनामा चालू असताना समोरच्या चहावाल्याने हवालदाराला बाजूला घेतले. "काल खंडेनवमीच्या आयुधपूजेला धाकटा भाऊ आला होता. जोरात भांडला. 'ही भट्टी तुला खाणार' म्हणाला. अख्ख्या गल्लीनं ऐकलं."

मयताच्या बायकोनेही दिराचेच नाव घेतले. मी त्याला ताब्यात घेतले.

"धमकी दिलीस?" मी विचारले.

"धमकी कसली साहेब? अण्णाला म्हणालो, कंगव्याचा माल न् आग एका छपराखाली नको. सेल्युलॉइडचा एक मूठभर चुरा त्या पिंपात गेला, तर तोफ होईल. अण्णा हसला. 'भित्र्या, तू बांगड्या भर' म्हणाला. तेव्हा ते तोंडातून गेलं."

"म्हणजे पिंप कशानं फुटतं, हे तुला नेमकं ठाऊक होतं."

आपल्याच बोलण्याने आपण अडकलो, हे त्याला तेव्हा कळले. खुनाच्या आरोपावरून मी त्याला कोठडीत घातले. हवालदार म्हणाला, "केस सरळ आहे, साहेब." मलाही तसेच वाटत होते.

दुसऱ्या दिवशी मुद्देमाल तपासताना भिंतीपलीकडे उरलेली अर्धी गोणी मी ओतायला लावली. पारदर्शक तुकड्यांत तपकिरी कंगव्यांचे दाते निघाले. एकाला काडी लावली, तर भप्पकन जळून गेला. पण त्या दात्यांबरोबर कुंकू होते आणि झेंडूच्या पाकळ्या होत्या. म्हणजे हा केर पूजेनंतरचा. चहावाल्याला पुन्हा बोलावले. त्याने शपथेवर सांगितले, धाकटा आरतीच्या आधीच रागाने निघून गेला होता.

मी त्यांच्या घरी गेलो. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. विचारले, "पूजेनंतर शेड कोणी झाडली?"

"मीच की. एक कोपरा सोडला नाही. ह्यांना सणाला घाण चालत नव्हती."

"केर कुठं टाकलात?"

"दिवा लागल्यावर केर भायेर टाकतात काय, साहेब? लक्ष्मी जाते की. स्वल्पच होता. त्या गोणीत ठेवला. उजाडल्यावर काढणार होते. पण मुहूर्त साधायचा म्हणून हे माझ्याआधीच उठून भट्टी…"

जबानी लिहिणाऱ्या हवालदाराचा टाक थांबला. बाईंनी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"का थांबले हे?"

सांगणे भाग होते. त्यांच्या जबानीशिवाय दीर सुटत नव्हता. मी होईल तितक्या हळू सांगितले. त्या रडल्या नाहीत. पदर सावरून म्हणाल्या, "लिहा सगळं. कुठं अंगठा द्यायचा?"

संध्याकाळी धाकट्याला सोडताना कारण सांगितले. तो चपला घालत होता, तो तसाच खाली बसला.

"हे वहिनीला सांगायलाच हवं होतं काय, साहेब? आणखी चार दिवस मी आत बसलो असतो की."

"चार दिवसांचा प्रश्न नव्हता. फाशीचं कलम होतं."

"सरी, ठीक आहे," एवढेच म्हणून तो उठला आणि घराच्या दिशेने गेला.

धोक्याची सूचना आणि धमकी यांचे शब्द पुष्कळदा तेच असतात, हे मी या प्रकरणात शिकलो. नंतरच्या नोकरीत कोणाचेही भांडणातले वाक्य पुरावा म्हणून घेण्याआधी, तो माणूस कशाला भीत होता, हे आधी विचारले. त्या सवयीने तीन-चार निरपराध तरी वाचले असतील. त्या संध्याकाळी मात्र त्या तरुणाचा प्रश्न डोक्यात घेऊन खोलीवर आलो आणि निपाणीला पत्र टाकले:

"तीर्थरूप सुंदरावहिनीस साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. आज एका निर्दोष माणसाला सोडले. त्याच्या वहिनीने अंगठा देऊन सोडवला. अंगठा दिला तेव्हा आपल्याच हातून नवरा गेला, हे तिला कळलेले होते. मी कोठडीत असतो, तर तूही अंगठा दिला असतास, हे मला ठाऊक आहे. पण त्यानंतर घरी आल्यावर तू मला जेवायला वाढले असतेस, तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे कसे पाहिले असते, हे मला सुचत नाही. ती दोघे आता जेवायला बसली असतील. दसऱ्याला आलो नाही, रागावू नकोस. दिवाळीला येतो."