परदेशात गाऱ्हाणं कोण घालतं?

“बा देवा म्हाराजा, ह्यां तुझां लेकरू साता समुद्रापलीकडसून इलां आसा,” काका ओरडत होते. “थंय तेका एक बाई गाठ पडली आसा. दर आठवड्याक हो तिच्याम्होरे जावन बसता.”

“व्हय म्हाराजा,” देवळासमोर जमलेला गाव म्हणाला.

बाई म्हटल्यावर निम्म्या गावाने माझ्याकडे नव्याने पाहिलं. काकांच्याही ते ध्यानात आलं असावं. त्यांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला आणि तितक्याच मोठ्याने खुलासा केला, “तशी बाई न्हय, म्हाराजा. मनाची डाक्टरीण.”

“व्हय म्हाराजा,” गाव म्हणाला, पण जरा हिरमुसून.

आमच्याकडे आपलं दुःख आपण देवाला सांगायचं नसतं. ज्याचा मान असतो तो माणूस देवळासमोर उभा राहतो, तुमचं दुखणं हातात नारळ धरून खड्या आवाजात देवाच्या कानावर घालतो, आणि प्रत्येक वाक्याला गाव होकार भरतो. याला गाऱ्हाणं म्हणतात. ज्याचं गाऱ्हाणं असतं त्याचं काम एवढंच, मान खाली घालून उभं राहायचं आणि सगळ्यांबरोबर “व्हय” म्हणायचं. हा मान हयातभर माझ्या बाबांकडे होता. बाबांनी आवाज लावला की धामापूरच्या तळ्यातले मासे तळाला जात. पार रेडीच्या बंदरात खनिज भरणारी माणसं फावडी खाली ठेवून “व्हय म्हाराजा” म्हणत, असं मी तिकडे परदेशात सगळ्यांना सांगतो. अजून कोणी खोटं म्हटलेलं नाही. रेडी कुठे आहे हे त्यांना ठाऊक नाही, हा माझा फायदा.

ते बाबा गेल्या वर्षी गेले. बोलता बोलता खुर्चीत कलंडले, बस. मी तिकडे बर्फाच्या मुलखात लिफ्ट दुरुस्त करतो. तिकीट मिळेपर्यंत इथे कोणी थांबणं शक्य नव्हतं. अग्नी काकांनी दिला, आणि मी लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत उभा राहून मोबाइलवर बघितला. बघितला म्हणजे काय, सरण दिसलं, काका दिसले, मग मोबाइल धरणाऱ्याचा अंगठा मध्ये आला आणि रेंज गेली. माझ्या बाबांचं शेवटचं दर्शन म्हणजे एक अनोळखी अंगठा. त्याचं नख वाढलेलं होतं.

त्यानंतर झोप गेली. कंपनीच्या डॉक्टरने थेरपीला जा म्हणून सांगितलं. मी गेलो, आणि जी चूक फक्त आमच्या गावचा माणूस करू शकतो ती केली. बाईंना नाव सांगितलं, गाव सांगितलं, हात जोडून मान खाली घातली आणि वाट बघत बसलो, आता या माझं गाऱ्हाणं सुरू करतील म्हणून. बाईही वाट बघत बसल्या. बाहेर बर्फ पडून, वितळून, पुन्हा पडला असेल.

शेवटी त्या म्हणाल्या, “बोला, काय झालं?”

“मी बोलू?” मी म्हटलं. “माझंच तर आहे.”

परदेशात राहून हे थेरपीचं काम सुरू करणाऱ्याने पहिली गोष्ट ही समजून जावी. तिथे तुमच्या वतीने कोणी बोलत नाही. पहिल्या भेटीत तर नुसते प्रश्न असतात: झोप कशी, जेवण कसं, घरी कोण, या भेटींतून तुम्हाला काय हवंय. शेवटच्या प्रश्नाला मी “बाबा” म्हणणार होतो, पण “झोप” म्हटलं. सल्लाही मिळत नाही. आमच्याकडे रस्त्यावरचा माणूससुद्धा न विचारता तीन सल्ले देतो. ह्या बाईंकडे पैसे भरूनही एक मिळेना. आणि भाषा. त्यांचं इंग्रजी उसनं, माझंही उसनं. दोन उसन्या भांड्यांत एकाचं रडणं दुसऱ्याकडे ओतायचं, निम्मं सांडणारच. आपल्या भाषेत बोलणारं कोणी आहे का, हे आधी विचारावं, आणि पहिल्या माणसाशी नाही जमलं तर दुसरा बघावा. त्यात कोणी रागावत नाही, असं त्यांनीच मला सांगितलं. मी बदललं नाही. बाई हसत छान.

कारण मी त्यांना हसवत होतो. बाबांच्या आवाजाने काजूच्या बिया झाडावरच भाजल्या गेल्या. बाबांनी कसालच्या बाजारात एकदा मिरचीचा भाव विचारला तेव्हा हायवेवरचे ट्रक थांबले. महिनोन्‌महिने मी बाबांना त्या खोलीत उभं करत होतो, हातात नारळ देत होतो. एकदा बाईंनी हसू आवरून विचारलं, “मग आता बाबा काय करतात?”

“आराम,” मी म्हटलं.

वर्षश्राद्धाला गावी यायचं ठरलं तेव्हा मी बाईंना म्हटलं, तिथून फोनवर बोलू. आमच्या काजूच्या बागेत एका दगडावर उभं राहिलं की रेंज येते. त्या म्हणाल्या, नाही जमणार. त्यांचा परवाना त्या देशापुरता. मी दुसऱ्या देशात असताना त्यांना मला बघता येत नाही. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. सुट्टीवर गेल्यावर काय, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. ज्या दिवसांसाठी मी वर्षभर तयारी केली, नेमक्या त्या दिवसांत मी दगडावर उभा, पूर्ण रेंजमध्ये, आणि लावायला नंबर नाही.

आईने बागेतून मला हाताला धरून आणलं.

“ती बाई तुजां सगळां ऐकता, मगे सांगता कोणाक?” तिने विचारलं.

“कोणाक नाय, आये. गुप्त ठेवूचो नियमच आसा.”

“कोणाकच नाय?” आईने चुलीवरची पेज उतरवली. “मगे देवाकडे पोचवतली कोण?”

म्हणून ती काकांकडे गेली, आणि म्हणून मी आता इथे मान खाली घालून उभा होतो.

बाबांचा मान आता काकांकडे आला आहे. काकांचा आवाज पातळ. पण त्या सकाळी ते असे ओरडत होते की मानेच्या शिरा वर आल्या होत्या.

“हेचो बापूस, माझो मोठो भाव, ह्याच जाग्यार उभो रवान गावाची गाऱ्हाणी घाली...” इथे त्यांचा आवाज फाटला. वाक्य पुरं झालं नव्हतं. पण गावाने लगेच, वेळेच्या आधीच, सगळ्या जोराने “व्हय म्हाराजा” म्हटलं आणि तो फाटलेला आवाज झाकून टाकला. काकांनी श्वास घेतला.

“तो गेलो, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“हेका तेचो चेरो दिसाक नाय. आग मिया दिलंय. हो थंय मोबायलात बघी होतो.”

“व्हय म्हाराजा.”

“तेच्यापासून हेच्या तोंडातसून ‘बापूस गेलो’ इतक्याच भायर पडणा नाय. बाकी बडबड करता, ती तुका ठाऊकच आसा.”

“व्हय म्हाराजा,” गाव म्हणाला, आणि मागे कोणीतरी खुसखुसलं.

“तां एकदा भायर पडांदे. पडलां काय तुका नारळ दितलो.”

सगळ्यांनी होकार भरला. मला भरता आला नाही. ज्याचा बाप बोलला तर मासे तळाला जात त्या मुलाने तोंड उघडलं आणि आतून नुसता वारा आला. आई शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त माझी बाही चिमटीत धरून ठेवली.

परत गेल्यावर मंगळवारी बाईंच्या खोलीत बसलो. त्यांनी विचारलं, सुट्टी कशी झाली. माझ्याजवळ गोष्ट तयार होती, विमानात एका माणसाच्या पिशवीतून जिवंत खेकडा निघाल्याची. खेकडा विमान चालवायला लागणार, इतक्यात मी म्हटलं, “बापूस गेलो.”

त्यांनी अर्थ विचारला. मी इंग्रजीत सांगितला. इंग्रजीत तो फार छोटा झाला.

बाईंनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला आणि त्या माझ्यासमोर बसून राहिल्या. मी सवयीने होकाराची वाट बघितली. त्यांचा काय दोष, त्यांना कुठून माहीत असणार. शेवटी माझं मीच म्हटलं, हळू, “व्हय म्हाराजा.” मग रडलो. त्याची अतिशयोक्ती मला करता येत नाही.

खाली उतरलो, जिन्याने. लिफ्ट नको वाटली. रस्त्यावरूनच आईला फोन लावला.

“आये, आज सांगलंय तिका.”

“काय?”

“बाबा गेले म्हणान.”

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“मगे नारळ देवक होयो,” आई म्हणाली. “काकाक सांगतंय.”