म्हणजे काय केलं?

बाई कळफलकावरून दोन्ही हात उचलायच्या, मांडीवर एकावर एक ठेवायच्या आणि विचारायच्या, "म्हणजे काय केलं?" ते हात पुन्हा वर येईपर्यंत समोरच्याच्या अर्जाला पुढचं अक्षर मिळत नसे. पनवेलला तहसील कचेरीसमोरच्या गल्लीत ज्यांनी कधी अर्ज टाइप करून घेतला असेल, त्यांना हे हात आठवतील. तुम्ही तिथे गेला नसाल, तरी अशी एखादी बाई तुमच्याही गावच्या कचेरीबाहेर बसलेली पाहिली असेल. आपण घाईत असतो, म्हणून तिच्याकडे नीट पाहणं राहून जातं. माझंही बरीच वर्षं राहून गेलं होतं.

दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. टेबल, दोन खुर्च्या आणि एक पंखा, जो बहुधा अर्जदाराकडे वळवलेला असे. आयुष्यभर टाइपरायटर चालवून बाईंनी अखेर संगणक घेतला होता, पण बोटांना ते कळवायचं राहून गेलं होतं. कळा त्या जुन्याच जोराने दाबत. ओळ संपली की डावा हात आपोआप वर जाई आणि नसलेला दांडा उजवीकडे ढकलून परत येई. वर्षातून दोनदा तरी कळफलक बदलावा लागे. तो विकणारा दुकानदार म्हणे, "बाई, हा कीबोर्ड आहे, पाटा-वरवंटा नाही." बाई म्हणत, "मग पाट्यासारखा दे. मी कुठे नाही म्हणते?"

मराठीत सांगितलेलं ऐकून त्याचा इंग्रजी अर्ज करून देणं, ही त्यांची खासियत. द्रोणागिरीकडच्या गोदामांची कार्यालयं, ठेकेदारांच्या कंपन्या, सगळ्यांना अर्ज इंग्रजीत हवा असे. आणि अर्जदारांना एक इंग्रजी शब्द फार प्रिय होता: 'इल-ट्रीट', म्हणजे वाईट वागवणं. तो कोणत्या नमुन्याच्या अर्जातून गल्लीत शिरला कोण जाणे, पण साहेब इल-ट्रीट करतो, मुकादम इल-ट्रीट करतो, शेजारीण इल-ट्रीट करते, असं लोक मराठीतही म्हणू लागले होते. शब्द भारदस्त वाटे. तो घातला की आता वेगळं काही सांगायला नको, असं वाटे. नेमकं तेच बाईंना चालत नसे.

एकदा एक निवृत्त गृहस्थ सुनेविरुद्ध अर्ज घेऊन आले होते. मी माझ्या पाळीची वाट पाहत उभा होतो.

"सून मला इल-ट्रीट करते."

हात मांडीवर गेले. "म्हणजे काय केलं?"

"चहात साखर घालत नाही."

"डॉक्टरांनी बंद सांगितलीय का?"

"सांगितलीय ना."

"मग अर्ज डॉक्टरांवर करू. त्यांचं पूर्ण नाव सांगा."

गृहस्थ उठले, आणि जाता जाता स्वतःच हसू लागले.

प्रत्येक वेळी मात्र शेवट हसण्यात होत नसे. वीटभट्टीवरची एक बाई आली होती. "मुकादम छळतो," एवढंच ती म्हणाली. बाईंनी तोच प्रश्न विचारला, आणि पंखा तिच्याकडे आणखी वळवला. तेव्हा ती म्हणाली, "पानी बैलांचं झाल्यावर आमाला. त्याच टाकीतलं." बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत नेलं. इल-ट्रीट हा शब्द घातलाच नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "बैलांच्या मागून पाणी, एवढं वाचल्यावर साहेबाला तो शब्द आपोआप आठवेल. शब्द आधी दिला, की तो पाणी विसरतो."

टाइप झालं की त्या अर्ज मराठीत वाचून दाखवत आणि विचारत, "ओळखलंत?" आपलीच हकीकत अर्जदाराला ओळखू आली, तरच सही. नाही आली, तर कागद फाडून पुन्हा पहिल्यापासून.

आता माझी पाळी. ती सांगताना मला अजून संकोच होतो, पण ती वगळली तर या बाई तुम्हाला अर्ध्याच दिसतील.

मी रोडपालीला राहतो. त्या वेळी सोसायटीचा सचिव होतो. फाटकावर दिवसपाळीला एक रखवालदार होता, डोंगराकडच्या वाडीतून येणारा, साठीला टेकलेला. त्याला काढावं, आणि त्याच्या सुरक्षा एजन्सीने त्याला आसपास दुसरीकडेही ठेवू नये, असा अर्ज मला हवा होता. म्हणजे त्या माणसाची होती नव्हती ती रोजी माझ्या त्या कागदावर अवलंबून होती. मला ते ठाऊक होतं. कागद चांगल्या इंग्रजीत असावा, एवढीच काळजी मी घेतली होती.

"रखवालदार रहिवाशांना इल-ट्रीट करतो," मी सांगितलं.

हात मांडीवर गेले. "म्हणजे काय केलं?"

"उलट बोलतो."

"काय बोलला?"

"म्हणाला, साहेब, खुर्ची नेलीत तं पाय पन न्या. मी ठेवून काय करू?"

बाईंचा चेहरा हलला नाही. "खुर्ची कोणी नेली?"

"समितीने. म्हणजे, मी. दुपारी त्याला डुलकी लागायची."

"मग तो कुठे बसला?"

"जिन्याच्या पायरीवर. म्हणून पायरी ओली ठेवायला सुरुवात झाली."

"सुरुवात कोणी केली?"

"पाणी मी ओतलं."

"पाळी किती तासांची?"

"बारा."

हात वर आले आणि बराच वेळ चालत राहिले. डावा हात पुन्हा पुन्हा तो नसलेला दांडा ढकलत होता. अर्ज चांगला भरगच्च होतो आहे, याचं मला समाधान वाटत होतं. आज लिहिताना त्या समाधानाची लाज वाटते.

मग त्यांनी वाचून दाखवलं. "सचिवांनी रखवालदाराची खुर्ची काढून घेतली. तो पायरीवर बसू लागला, तेव्हा सचिवांनी पायरीवर पाणी ओतलं. त्याची पाळी बारा तासांची आहे. तो म्हणाला…" इथे त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. सगळ्या इंग्रजी मजकुरात एकच ओळ मराठीत होती, त्याच्या बोलीत, 'पाय पन न्या' अशी. "ही इंग्रजीत नेली तर त्याची राहणार नाही," बाई म्हणाल्या. "आता इल-ट्रीट कुठे घालू ते तुम्ही सांगा. हा शब्द ज्याच्या हातात दुसऱ्याचं काही असतं, त्याच्यासाठी आहे. त्याच्या हातात तुमचं काय आहे?"

"फाटक," मी म्हणालो.

"ते तो उघडतो ना?"

"उघडतो."

"ओळखलंत?"

मी ओळखलं होतं. सही मात्र करवेना. बाईंनी कागद दुमडून माझ्या खिशात ठेवला. "अर्ध्या अर्जात तो आहे. त्यालाही वाचून दाखवा. त्याने ओळखलं, की सही करा."

खुर्ची मी त्याच संध्याकाळी परत ठेवली. तीन दिवस तो तिच्याशेजारी उभा राहिला. "बसा ना," मी म्हणालो, तर म्हणाला, "परत नेनार असाल तं सवय नका लावू." चौथ्या दिवशी बसला, तोही अगदी कडेला. समितीत एकाने विचारलं, हा आता झोपणार नाही का? मी म्हणालो, "झोपला तर उठवू."

वाचून दाखवणं मात्र मला जमत नव्हतं. खुर्ची उचलून ठेवायला धैर्य लागत नाही. कचेरीकडे गेलो की बाई चष्म्यावरून पाहत विचारत, "वाचलंत?"

"या रविवारी नक्की."

"रविवार दर आठवड्याला येतो," त्या म्हणत, आणि पुन्हा कळांवर तुटून पडत. असे किती रविवार गेले, हे मी मोजलं नाही.

अखेर एका सकाळी मी फाटकापाशी गेलो. तो उठू लागला. मी त्याला बसवलं, स्वतः उभा राहिलो, कागद लिहिणाऱ्या बाईंबद्दल आणि त्यांच्या त्या प्रश्नाबद्दल सांगितलं आणि कागद मराठीत वाचला. त्याने मान खाली घालून ऐकलं.

"एक ऱ्हायलं," तो म्हणाला. "पानी दोनदा वतलंत. दुसऱ्या टायमाला माझा डबा व्हता तितं."

डबा मी तेव्हा पाहिला होता की नाही, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. पाहिला नव्हता, असं म्हणायला मन तयार होतं, म्हणूनच मी ते म्हटलं नाही. "चुकलं माझं," एवढंच म्हणालो.

त्याने कागद मागितला. इंग्रजी ओळींवरून फिरता फिरता त्याचं बोट एके ठिकाणी थांबलं. एकेक अक्षर लावत त्याने ती ओळ वाचली आणि खदखदून हसला. "ह्ये माझंच हाय. आसंच बोललो व्हतो."

मी तिथेच सही केली. मग दुसऱ्यांदा ओतलेलं पाणी आणि डबा अर्जात घालून घ्यायला कचेरीसमोर गेलो. जिन्याखाली मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. ती विकणारा म्हणाला, बाई दुकान आवरून चिपळूणला भाचीकडे गेल्या, पत्ता काही ठेवला नाही. टेबल त्याने ठेवून घेतलं होतं. डावीकडच्या कडेला, बाईंचा हात दांडा ढकलून जिथे परत टेकत असे तिथे, टेबलाचा रंग उडून एक चट्टा पडला होता.

दुरुस्ती मी माझ्या पेनाने केली आणि कागद रखवालदाराला दिला. त्याने तो येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वहीत, पुठ्ठ्याच्या आत सरकवला. "कुनी खुर्ची न्याया आलं तं दाखवीन," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "डब्याचं आयकून त्या ताय काय बोलल्या?"

"त्या गेल्या. दुकान बंद झालं."

तो म्हणाला, "मंग आता इचारनार कोन?"

त्याने खुर्ची सावलीत ओढली आणि पाठ टेकून बसला.