डावीकडचा नळ

चहा घ्या, अन् डिप्लोमा झालेला माणूस किती गाढव असू शकतो ते ऐका. माणूस म्हणजे मीच, दुसऱ्याचं नाव कशाला घ्यायचं?

सिद्धेश्वर धरणावर माझी नवी नोकरी. बायको दीड महिन्याच्या पोरीला घेऊन वसमतला. बदलीचा अर्ज मोठ्या साहेबांकडं, अन् साहेब त्या दिवशी संध्याकाळी धरणावरच्या सरकारी बंगल्यात मुक्कामाला येणार. मागच्या खेपेला बंगल्यातल्या टबाच्या नळानं त्यांना झोपू दिलं नव्हतं. टप, टप, टप. म्हटलं, हा नळ थांबला की बदली झालीच समजा.

तोटी एक, नळ दोन. डावा जाम होता, म्हणजे खोट त्यातच, असं मी ठरवून टाकलं. टाकीचा कॉक बंद केला, नळ खोलला. वायसर बरा होता, पण तो ज्यावर बसतो ती पितळी बैठक पार खडबडीत. झालं, इंजिनिअरला रोग सापडला. काडीला पॉलिश पेपर गुंडाळून तासभर घासली. नळ बसवला, कॉक उघडला.

टप.

पुन्हा कॉक बंद, पुन्हा खोल, पुन्हा घास. असं तीनदा. हाताला फोड आले. बैठक अशी चकचकीत झाली की तिच्यात बघून दाढी करावी. तरी टप.

वॉचमन किसनमामा दाराशी उकिडवे बसून सकाळपासून बघत होते. शेवटी वैतागून मी विचारलं, "मामा, काहून थांबेना हो हे?"

"ते उजव्या नळाचं पाणी हाय, साहेब."

"अन् हा डावा?"

"तो गरम पाण्याचा. त्याला पाइपच न्हाई जोडला कधी. गरम पाणी आमची मंडळी चुलीवरून बादलीनं आणती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी विचारलं न्हाई. अन् इतकं मन लावून करून राहिले होते, मला वाटलं, डिप्लोमात असंच असंल."

तेवढ्यात बाहेर जीप थांबली.

सकाळी साहेब लाल डोळ्यांनी चहाला बसले. त्यांनी मामांना विचारलं होतं, अन् विचारलं की मामा सगळं बराबर सांगतात.

"ज्याच्यात पाणीच नाही तो नळ तुम्ही इतका पक्का केलात," माझ्या अर्जाची घडी घालत साहेब म्हणाले, "असा माणूस मला धरणावरच पाहिजे."

पोरगी पहिल्यांदा 'बाबा' म्हणाली ते मी फोनवर ऐकलं. फार वाईट वाटलं.

उजवा नळ मी, साहेब गेले त्याच दुपारी, अर्ध्या तासात नीट केला होता. वसमतला पोचायला मात्र तीन वर्षं लागली.