शुक्रवारी ओतलेलं बॅरल

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि तो झालो विड्या वळणाऱ्या माझ्या सोलापूरच्या घरमालकीण मावशींमुळे. मंद्रूपहून कॉलेजला आलो तेव्हा तीन वर्षं त्यांच्या पुढच्या खोलीत राहिलो. नळ चार दिवसांआड यायचा. मी घागर उचलली की त्या ती हातातून हिसकावून घ्यायच्या. "तू वाच की. पाणी मी भरते."

पदवीनंतर डासांच्या अळ्या शोधायचं कंत्राटी काम मिळालं आणि वाट्याला नेमकी मावशींचीच गल्ली आली. तिथं डेंगीचे पेशंट निघाले होते. दुसऱ्या दारापासूनच तोंडं सुटली.

"आला बघा अळ्या मोजायला! पाणी चार दिवसांनी, अन् साठवू नका म्हणं."

"आज शुक्रवार. भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळायचाय," मी हातातला सूचनांचा कागद बघत म्हणालो.

"आमचे समदेच दिवस कोरडे हायत की रं!"

मावशींच्या बॅरलमध्ये टॉर्च मारला. अळ्या वळवळत होत्या. सगळी गल्ली बघत होती. सोडलं असतं तर घरचं म्हणून सोडलं, असं झालं असतं. त्या "थांब, थांब" म्हणत असताना मी बॅरल आडवं केलं. नळाला अजून तीन दिवस होते.

गटारीकडे चाललेल्या पाण्याकडे बघत त्या म्हणाल्या, "फडक्यानं गाळून घेतलं असतं. तुमच्या कागदात फडकं न्हाय का, साहेब?"

साहेब. मला तसं त्या कधीच म्हणाल्या नव्हत्या. मग त्यांनी दार लावून घेतलं. पुढच्या फेरीला गल्लीतलं एकही दार उघडलं नाही. मावशी फोनही घेईनात, म्हणून मोठ्या अक्षरात पत्र लिहिलं.

"मावशी,
अळ्या होत्या, ते मी मागे घेणार नाही. पण पाणी ओतायची गरज नव्हती. गाळून फडकं उन्हात झटकलं असतं तर अळ्या मेल्या असत्या आणि पाणी वापरायला राहिलं असतं. अंडी बॅरलच्या कडेला चिकटतात. ती घासायला बॅरल रिकामं लागतं, आणि ते नळाच्या दिवशीच होतं. मी मात्र कागदावरचा शुक्रवार धरून बसलो.
येत्या नळाला सकाळी ब्रश घेऊन येतो. दार उघडलं नाहीत तर ओट्यावर बसेन. बॅरल मी घासणार, पाणीही मीच भरणार. वरून फडकं घट्ट बांधायचं, त्यावर वाद नको.
आणि तेवढं साहेब म्हणू नका."