उंटकटाऱ्याला मुदत दहा दिवस

लव्हॉन कुचेराने स्वतःच्या आईला नोटीस पाठवली, तेव्हा आई ब्याण्णव वर्षांची होती आणि ओपल गावच्या वृद्धाश्रमात खाटेला खिळून होती. आईच्या नावावर गावाबाहेर चाळीस एकर कुरण होतं, कुरणात उंटकटारा माजला होता, आणि कायद्यात 'आई' हा शब्द कुठेच नव्हता. दहा दिवसांत तण काढावे, अन्यथा नाव वर्तमानपत्रात छापले जाईल. म्हातारीने नर्सकडून कागद वाचून घेतला आणि म्हणाली, "बापावर गेलीय. तो मेला, पण हिच्यात उरला." शेवटी लव्हॉनच्या भावाने जाऊन कुरण साफ केलं. त्या दिवसापासून भाऊ तिच्याशी बोलत नाही.

ड्रेसेल काउंटी, म्हणजे ड्रेसेल जिल्हा, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात आहे. नकाशावर बघाल तर कोणीतरी पट्टी ठेवून आखलेला चौकोन. पश्चिमेला गवताळ वाळूच्या टेकड्या, पूर्वेला थोडी काळी माती, आणि मधून बक क्रीक नावाचा ओढा, जो ऑगस्टात आटतो आणि मार्चमध्ये एखादा पूल घेऊन जातो. माणसं सहाशे चौदा. गुरं किती ते विचारू नका. ती मत देत नाहीत हे कारभाऱ्यांचं नशीब. ह्या सहाशे चौदा जिवांवर राज्य करायला एक शेरीफ, एक खजिनदार, एक कारकून, मेलेल्याला मेला म्हणून सही देणारा एक अधिकारी आणि तीन सभासदांचं काउंटी मंडळ. निवडणुकीत सहसा एकाच्या विरुद्ध दुसरा उभा राहत नाही. राहणार कोण? निवडून आला की जन्मभर लोक त्याला चर्चच्या दारात अडवून आपल्या रस्त्यातले खड्डे सांगतात.

आणि ह्या सगळ्यांच्या वर, असं निदान तिला वाटायचं, काउंटीची तणनिरीक्षक. लव्हॉन हे काम एकतीस वर्षं करत होती. जून उजाडला की पांढरी पिकअप, एक फावडं, एक दुर्बीण आणि शर्टाच्या खिशात वही. जांभळं फूल दिसलं की गाडी थांबलीच. एका फुलात हजारभर बिया, बी रुईच्या म्हातारीसारखं वाऱ्यावर उडतं, आणि ज्या कुरणात उंटकटारा शिरला तिथे गाय तोंड घालत नाही. तिचं म्हणणं खरंच होतं. खरं बोलणाऱ्याचं जे होतं तेच तिचंही झालं.

नवरा लेनर्ड वारला तेव्हा लोकांनी चार दिवस तिच्याकडे जेवण पोचवलं. पाचव्या दिवशी तिने त्यातल्या दोघांना नोटिसा धाडल्या. दफनभूमीच्या कुंपणापाशी चार रोपं दिसली म्हणून पाद्रीबाबांनाही एक गेली. चर्चमध्ये ती ज्या बाकावर बसायची त्या बाकावर दुसरं कोणी बसत नसे, आणि ती समजायची की लोक आपला मान राखतात. मूलबाळ नव्हतं. भाऊ बोलत नव्हता. तिच्याकडे उरलं होतं ते हे पद, आणि 'मी कोणाला सोडलं नाही' हे एक वाक्य.

ह्या वर्षी त्या वाक्याची परीक्षा आली. नऊ नंबरच्या रस्त्यावर, टेकडी उतरताना, पाव मैल लांब पट्ट्यात उंटकटारा छातीभर उभा होता. तिने दुर्बीण लावली नाही, गरजच नव्हती. कुरण मेरिल स्टोल्झचं होतं.

मेरिल म्हणजे मंडळाचा अध्यक्ष. वीस वर्षं खुर्ची उबवत होता. मंडळात प्रश्न आला की "पुढच्या महिन्यात बघू" म्हणायचा, आणि पुढच्या महिन्यात प्रश्न कंटाळून निघून जायचा. एप्रिलमध्ये लव्हॉनने फवारणीच्या टाकीचा पंप बिघडलाय म्हणून अर्ज दिला होता, त्याचंही घोंगडं असंच भिजत पडलं होतं. तिला नेमणारं मंडळ हेच, आणि काढणारंही हेच.

तिने नोटीस पाठवली. रजिस्टर पोस्टाने.

ओपलच्या धान्यकोठारात सकाळी कॉफी प्यायला जमणाऱ्यांना तर सणच आला. "आता बघा मजा," ओटो विश्चन म्हणाला. ओटो चौऱ्याऐंशीचा होता आणि त्याला आजवर एकोणीस नोटिसा आल्या होत्या. त्या त्याने गोठ्यात ओळीने खिळ्याला अडकवून ठेवल्या होत्या. "एकतर ती मेरिलला खाईल, नाहीतर मेरिल तिला. कोणी का खाईना, आपलं काय जातंय?"

मेरिल काही दूधखुळा नव्हता. जूनच्या बैठकीत त्याने नोटीस टेबलावर ठेवली, चष्मा पुसला आणि गोड आवाजात म्हणाला, "लव्हॉन, अगं, हे तण माझं नाहीच. रस्त्याच्या कडेचं आहे ते. रस्ता कोणाचा? काउंटीचा. मोजणी करून घ्या, मला काही लपवायचं नाही."

मोजणीदार आला, रस्त्याच्या मध्यापासून तेहतीस फूट मोजले आणि केशरी फडकी बांधलेल्या खुंट्या ठोकून गेला. मेरिलचं खरं निघालं. रस्त्यावरून दिसणारा सगळा उंटकटारा खुंट्यांच्या अलीकडे, म्हणजे काउंटीच्या जागेत होता. तिची नोटीस रद्द झाली. एकतीस वर्षांतली पहिली रद्द नोटीस. लव्हॉनचे कान तापले.

"म्हणजे," मोजणीनंतर बोलावलेल्या खास बैठकीत मेरिल म्हणाला, "हा काउंटीचा उंटकटारा. आणि काउंटीचा उंटकटारा काढायची जबाबदारी कोणाची?" त्याने मंडळातल्या दुसऱ्या दोघांकडे, डेल्बर्टकडे आणि आयव्हनकडे, पाहिलं. दोघांनी गंभीरपणे माना हलवल्या. मान हलवणं हे त्यांचं मुख्य काम होतं. "तणनिरीक्षकाची. बाई, तू एकतीस वर्षं लोकांच्या रानात दुर्बीण लावून बघतेस, आणि तुझ्या स्वतःच्या अंगणात हे?"

"पंप दुरुस्त करून द्या, दोन दिवसांत काढते," लव्हॉन म्हणाली.

"पंपाचं पुढच्या महिन्यात बघू. पण कायदा सगळ्यांना सारखा, हे तूच सांगतेस ना? दहा दिवस. नाही निघालं, तर हे पद आपण बंद करू. शेजारच्या काउंटीचा माणूस आहेच, आठवड्यातून एकदा येईल."

मग कारकून जोलीनने लिहिता लिहिता मान वर केली. तिला कागद अर्धा राहिलेला चालत नसे. "पण मग नोटीस कोण पाठवणार? आणि कोणाला?"

"मी पाठवते," लव्हॉन म्हणाली. "मला."

आणि पाठवली! चोराच्या उलट्या बोंबा ऐकून दुसरी एखादी राजीनामा तोंडावर फेकून गेली असती. हिने फॉर्म भरला, स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं, रजिस्टर केलं, आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन स्वतःच सही करून ती घेतली. पोस्टमास्तर म्हणाला, "बाई, कालच हातात ठेवून घ्यायचीस ना." तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला आपल्या परसातलं गवत आठवलं.

मग फावडं. उंटकटारा नुसता वरून कापून चालत नाही, मुळाच्या मानेखाली फावडं घालून उचटावा लागतो, आणि फुललेलं बोंड पोत्यात भरावं लागतं. पारा चाळिशीला टेकलेला. बाई त्रेसष्ट वर्षांची. पाव मैल.

पहिल्या दिवशी दोन पिकअप थांबल्या. दुसऱ्या दिवशी ओटो घडीची खुर्ची घेऊन आला आणि रस्त्यापलीकडे कॉटनवूडच्या झाडाच्या सावलीत मांडून बसला. तिसऱ्या दिवशी अकरा खुर्च्या झाल्या. पाचव्या दिवशी कोणीतरी कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, भाजून आणले, कोणी बर्फात बिअर ठेवली, आणि ड्रेसेल काउंटीत चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीलाही जमत नाही एवढी माणसं जमली. ज्याला ज्याला कधी नोटीस गेली होती तो आला होता. म्हणजे सगळेच.

"लव्हॉन, डावीकडे बघ! तिथे एक हसतंय तुला!"

"अगं सावकाश, अजून पाच दिवस आहेत!"

"दुर्बीण देऊ का?"

पाद्रीबाबाही येऊन गेले. म्हणाले, श्रमात पुण्य आहे. आणि एक कोलाचे उचलून सावलीत बसले.

तिला कोणी पाणी विचारलं नाही. हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. सातव्या दिवशी कंबर धरून ती उभी राहिली आणि समोरच्या त्या ओळखीच्या चेहऱ्यांकडे पाहताना तिला एकदम कळलं की चर्चमधलं ते बाक मानाने रिकामं राहत नव्हतं. एवढी सहाशे माणसं, आणि मी ह्यातल्या कोणाचीच कोणी लागत नाही? मग तिने नाक शर्टाच्या बाहीला पुसलं, कोण कोण आलंय ते एकेक करून नीट पाहिलं, खिशातली वही काढली आणि काहीतरी लिहिलं. लोकांना वाटलं, रोपं मोजतेय.

त्या दिवसापासून ती रोज कंबर सरळ करायला उभी राही आणि वहीत लिही. संध्याकाळी घरीही सरळ रस्त्याने जाईना. आज पूर्वेकडून, उद्या ओढ्याच्या बाजूने, परवा टेकडीवरून वळसा घालून. "वेड लागलं बिचारीला," डेल्बर्ट म्हणाला आणि दुसरी बिअर उघडली.

दहाव्या दिवशी, ऊन कलता कलता, तिने शेवटचं रोप उचटलं. पट्टा साफ झाला होता. लोक जरा नाराज झाले; इतके दिवस बसून शेवट असा? ओटो उठला, काठी टेकत रस्ता ओलांडून आला, वाकून पाहू लागला, आणि त्याचा चेहरा उजळला. "एक राहिलंय! ते बघ! तिथे!"

"ते खुंटीच्या पलीकडे आहे, ओटो."

"मग ते कोणाचं?"

"मोजणीदाराने ठरवलंय. त्याला अध्यक्षांनीच बोलावलं होतं."

ओटोने खुंटीकडे पाहिलं. मग खुंटीपलीकडे. अलीकडचं रान मोकळं झाल्यामुळे आता ते उघडं पडलं होतं: खुंट्या आणि मेरिलचं कुंपण यांच्यामधला दहा फुटांचा पट्टा, पाव मैल लांब, जांभळ्या फुलांनी डवरलेला. सगळ्या खुर्च्यांवरच्या माना तिकडे वळल्या. मेरिल स्वतः तिथेच उभा होता, हातात कोलाचे घेऊन.

"अरेच्चा," ओटो म्हणाला. एवढा आनंद त्याला एकतीस वर्षांत झाला नव्हता.

जुलैच्या बैठकीला कोर्टहाऊसच्या वरच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मेरिलने तरीही ठराव आणलाच. सुंभ जळेल पण पीळ कसा जाईल? "तण निघालं हे ठीक आहे. पण एकतीस वर्षं ते राहिलंच कसं? कर्तव्यात कसूर झालीच. तणनिरीक्षकाचं पद बंद करावं, असा ठराव मी मांडतो. अनुमोदन?"

डेल्बर्ट छताच्या पंख्याकडे बघत होता. आयव्हनला आपल्या बुटांच्या नाड्या फार आवडू लागल्या होत्या. त्यांच्यासमोर साठ माणसं होती, आणि त्या साठ माणसांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: मेरिल स्टोल्झचं नाव गुरुवारच्या वर्तमानपत्रात. आणि ते छापायची छाती काउंटीत एकाच बाईत होती.

"अनुमोदन?" मेरिलने पुन्हा विचारलं. आवाज चिरकला.

"अनुमोदन नाही," जोलीन लिहीत लिहीत म्हणाली. "ठराव पडला."

टाळ्या पडल्या. ओटोने काठी आपटली. पाद्रीबाबांनी "देव न्यायी आहे" असं काहीतरी म्हटलं. लव्हॉन उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते, आणि एक क्षण, खरोखर एकच क्षण, तिला वाटलं की राहू द्यावं, आज राहू द्यावं. हे लोक पहिल्यांदा माझ्यासाठी टाळ्या वाजवतायत.

मग तिने पिशवी उघडली.

"मेरिल, ही तुझी," ती म्हणाली आणि कागद त्याच्यासमोर ठेवला. खोलीत हास्याचा स्फोट झाला. ती मात्र थांबली नाही. "ओटो, ही तुझी. विसावी. डेल्बर्ट, ही तुझी. आयव्हन, तुझी ओढ्याकाठची. पाद्रीबाबा, दफनभूमीची उत्तर बाजू." हसणं एकेका बाकावर विझत गेलं. "दहा दिवस तुम्ही सगळेजण सावलीत बसला होतात. उंटकटारा बसला नव्हता. घरी जाताना मी रोज दहाबाराजणांची कुरणं बघून गेले. त्रेचाळीस आहेत. सगळे इथेच आहात तर हातोहात देते, पोस्टाचा खर्च वाचेल."

आयव्हनने आपला कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि घसा खाकरला.

"जोलीन," तो म्हणाला, "ते मघाचं अनुमोदन... मी आता दिलं तर चालेल का?"

जोलीनने पान उलटून पाहिलं. "ठराव पडलाय, बाबा. पुन्हा आणायचा तर पुढच्या महिन्यात."

"तोवर मुदत संपलेली असेल," लव्हॉन म्हणाली आणि पेन त्याच्यापुढे धरलं. "इथे सही कर."