मालखान्यात ठेवलेली कुत्री

नोकरीतली बरीच प्रकरणे मी विसरलो. हे एक मात्र अजून विसरता येत नाही. तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि मी जंगलपट्टीतल्या एका लहान ठाण्याचा ठाणेदार होतो. माणसांची नावे सांगत नाही. त्यांची मुले-नातवंडे आजही तिथेच राहतात.

ठाण्यापासून सात मैलांवर तलावाच्या काठी एक गाव होते. तिथला जुना कोंडवाडा ओस पडला होता. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या एका म्हाताऱ्या बाईने तो साफसूफ करून त्यात थकलेली, लंगडी, आंधळी जनावरे ठेवायला सुरुवात केली. हळूहळू सगळे गाव तिच्या पाठीशी उभे राहिले. घरे पाळीपाळीने तणस, म्हणजे भाताचा पेंढा, टाकत, कुणी पाणी भरी, कुणी जखमांवर हळद-तेल लावी. मासळीचे उरलेसुरले खाऊन पाच-सहा कुत्रीही तिथेच राहत. ती जंगलाच्या बाजूने काही आले की भुंकून गाव जागे करत, त्यामुळे लोकांचा त्यांच्यावर जीव होता.

एके दिवशी दुपारी मी रोजनामचा लिहीत असताना त्या गावचा कोतवाल धापा टाकत आला.

“साहेब, चला लवकर. कल्हईवाल्याले चिंचेले बांधून मारून राह्यले लोक.”

“काऊन?”

“त्यानं कोंडवाड्यातल्या कुत्र्यायले जहर देल्लं म्हणतेत. चार मेले. एक तडफडून राह्यली.”

दोन शिपाई घेऊन सायकलींवर निघालो. पोहोचलो तेव्हा कल्हईवाल्याच्या कपाळातून रक्त वाहत होते, एक हात सुजला होता. तो सिरोंचाकडचा तेलुगू बोलणारा माणूस. गावोगाव भांड्यांना कल्हई करत फिरायचा. तीन दिवसांपासून तलावाच्या पाळीवर त्याने भाता मांडला होता. त्याच्या पिशवीत पांढरी पूड सापडली आणि लोकांना तेवढे पुरे झाले.

मी त्याला सोडवले, पंचनामा केला, पूड जप्त केली. कोंडवाड्यात चार कुत्री ताठ होऊन पडली होती. म्हातारी पाचवीला, एका पांढऱ्या कुत्रीला, मांडीवर घेऊन बसली होती. कुणी मोठ्याने बोलले की त्या कुत्रीचे अंग धनुष्यासारखे ताणले जाई.

“साहेब, हिले घेऊन चाला ढोरायच्या डाक्टरकडं,” म्हातारी म्हणाली. “मेलेल्यायचं काय पुसता? जितीले पाहा आधी.”

एका बैलगाडीत म्हातारी, कुत्री आणि कल्हईवाला असे तिघे ठाण्याच्या गावी आले; तपासणीसाठी एक मेलेले कुत्रेही गोणीत घातले होते.

कल्हईवाल्याची चौकशी मी स्वतः केली. “क्या है ये?” मी पूड पुढे ठेवली.

“नवसागर, साब. बर्तन साफ करने का.”

“जहर आहे हे!” ठाण्याची लिखापढी करणारा मुन्शी ओरडला.

त्या माणसाने चिमूटभर पूड उचलली आणि आमच्यादेखत जिभेवर ठेवली. डोळ्यांत पाणी आले त्याच्या, पण थुंकला नाही. मुन्शी म्हणाला, “नाटकं करून राह्यला.” मला आतून वाटत होते की हा खरे बोलतो आहे. तरी मी त्याला कोठडीत टाकले. गाव तापले होते आणि हातात दुसरा कुणी नव्हता.

जनावरांच्या डॉक्टरांनी एका मेलेल्या कुत्र्याचे पोट उघडून पाहिले होते. ते मला आणि मुन्शीला बाजूला घेऊन म्हणाले, “पोटात बैलाचं मांस आहे. लक्षणं कुचल्याच्या विषारी बियांची दिसतात. नागपूरहून तपासणी येईल तेव्हा येईल. जिवंत आहे तिला अंधारात ठेवा. उजेड नको, आवाज नको.”

मी मुन्शीला बजावले की कुचल्याचे नाव बाहेर जाता कामा नये. ठाण्यात अंधारी खोली एकच, जप्तीचा माल ठेवायचा मालखाना. तिथे पोत्यांवर कुत्रीला निजवले. म्हातारी दाराशी बसली. शिपायांनी आपणहून बूट काढले. दंगेखोरांना दम भरणारा आमचा हवालदार त्या दिवशी हाताच्या खुणांनी बोलत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच गावचा एक शेतकरी आला. कोंडवाड्यात सर्वांत नेमाने तणस टाकणारा म्हणून मी त्याला ओळखत होतो. उन्हातून सात मैल चालत आला होता. हातात झाकलेला लोटा.

“साहेब, जिती हाय का ते?”

“आहे.”

“हे घरचं तूप हाय. पाजा तिले. कुचल्यावर तूप चालते म्हणतेत.”

मुन्शीची लेखणी थांबली. मी शेतकऱ्याला बाकावर बसवले, पाणी दिले आणि विचारले, “भाऊ, गावात तर सगळे कल्हईवाल्याच्या पुडीचं नाव घेतात. कुचला तुम्हाला कुणी सांगितला?”

त्याने लोटा बाकावर ठेवला. मग सगळे सांगितले. वाघाने त्याचा बैल नाल्यात पाडला होता. वाघ उरलेले खायला परत येईल, म्हणून त्याने मढ्यात वाटलेला कुचला भरला. जंगल कायद्याने हा गुन्हा, म्हणून बैल हरवला असे सांगत फिरला. वाघाच्या आधी कुत्री पोहोचली.

“मले वाटलं, साहेब, आता बोलतो, मंग बोलतो. तवरिक त्याले बांधलं होतं.”

हे म्हातारीने दारातून ऐकले. ती उठून त्याच्यासमोर आली.

“कुत्रे तुह्या हातून चुकून मेले, लेका. ते समजते मले. पन त्या मानसाले तू मार खाऊ देल्ला. पाहत होता ना तू?”

तो ढसाढसा रडला. मी त्याचे बयान घेतले, नाल्यावर जाऊन मढे पुरायला लावले आणि त्याच्यावर गुन्हा दाखल केला. कल्हईवाल्याला मारणाऱ्यांवरही केला, तेव्हा काही प्रतिष्ठित मंडळी माझ्यावर रुसली. शेतकऱ्याने कोर्टात सगळे कबूल केले. त्याला कोर्ट उठेपर्यंतची कैद झाली. कुत्री चौथ्या दिवशी उठली आणि म्हातारीच्या मागे गाडीत बसून गावी गेली.

या प्रकरणाने मला शिकवले ते तपासाच्या कुठल्या पुस्तकात नव्हते. शेतकरी वाईट नव्हता. एका मुक्या जनावरासाठी तो स्वतःहून ठाण्यात चालत आला. पण आपल्या भाषेत न बोलणाऱ्या माणसासाठी त्याचे पाऊल उचलले नव्हते. आणि माझे तरी कुठे उचलले? कुत्रीसाठी अख्खे ठाणे अनवाणी झाले आणि मी निर्दोष वाटणाऱ्या माणसाला भिंतीपलीकडे कुलपात ठेवले.

कल्हईवाल्याला सोडताना मी त्याच्या हाताला पट्टी करवली, त्याला चहा पाजला, भाता परत दिला. तो मला नमस्कार करून निघाला. माफीचा शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण अंगावर वर्दी होती, समोर शिपाई उभे होते, आणि मी माफी न मागता रोजनामच्यात त्याच्या सुटकेची वेळ लिहिली.